बिनगाण्याची रेकॉर्ड

आमच्या बँडमध्ये एक रीत होती. पहिला क्लॅरिनेट वाजवणारा तो मास्तर. जरीच्या पट्ट्यांचा लाल कोट घालून तो सगळ्यांच्या पुढे चालणार. आता आपल्याच्याने होत नाही असं त्याला वाटेल त्या दिवशी त्याने वाद्यांपुढे नारळ फोडायचा आणि कोट दुसऱ्याच्या अंगावर घालायचा. एकदा उतरवलेला कोट पुन्हा चढवायचा नाही. माझ्या वडिलांनी, आण्णांनी, तो एकवीस वर्षं घातला आणि एका विलायती रेकॉर्डपायी उतरवला. निदान सोलापुरात तरी असंच माहीत आहे.

आणीबाणी उठली तेव्हाचा उन्हाळा. गिरणीतल्या एका बड्या साहेबांचा मुलगा विलायतेत शिकून आला होता. त्याचं लग्न. त्याने आण्णांच्या हातात एक मोठी तबकडी ठेवली आणि म्हणाला, "मास्तर, वरात निघताना हे हवंय. सुरुवातीची चार मिनिटंच बसवा. पुढे वाजवू नका प्लीज, रेकॉर्ड घासते."

तीत गाणं नव्हतं, नुसती वाद्यं. त्याने सगळी हकिगत सांगितली. विशीही न गाठलेल्या एका पोराने जवळजवळ सगळी वाद्यं एकट्याने वाजवली होती. एक वाजवून टेपवर घ्यायचं, ते ऐकत त्याच्यावर दुसरं चढवायचं, मग तिसरं. गाणारा कुणी नाही म्हणून कंपन्यांनी आधी त्याला दारातूनच परत पाठवलं, आणि पुढे तीच रेकॉर्ड जगभर खपली.

"येकटा पोरगा येवढं करतोय, मग आमी चौदा जण कशाला?" आण्णांनी विचारलं. नवरदेव हसला. आण्णा हसले नाहीत. निघताना साहेबांच्या माणसाने हळूच ऐकवलं, जमत नसेल तर आत्ताच सांगा, वैरागचा बँड तयार आहे.

वरातीला अकरा दिवस होते. तालमीच्या खोलीवर पत्रा, त्यात वैशाख. रेकॉर्ड प्लेअर माझ्या ताब्यात. त्याचा वेग बदलायचा खटका ढिला झाला होता म्हणून मी तो मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांवर दोऱ्याने बांधूनच टाकला होता. आमच्याकडच्या सगळ्या तबकड्या छोट्या, सिनेमाच्या. त्या पंचेचाळीसवरच फिरायच्या. मोठी तबकडी त्या खोलीत पहिल्यांदाच आली होती. मी ती ठेवली आणि सुई टेकवली.

बारीक, टोकदार सूर सुटले ते पळतच सुटले. आण्णांनी बोटांवर मात्रा मोजल्या. "सात, मग आट. परत सात, परत आट. ह्याच्यावर पाय कसा टाकायचा? वरात गडाबडा लोळंल की!" सगळे खो खो हसले. त्यानंतर त्या खोलीत कुणी हसलं नाही.

सूर इतके वर होते की आण्णांच्या क्लॅरिनेटची रीड चिरकायची. लय अशी की श्वास घ्यायला फट नाही. आण्णा पन्नाशी ओलांडलेले. रोज पहाटे तळ्याकाठी जाऊन एकटेच घोकायचे आणि लालबुंद चेहऱ्याने परत यायचे. आई गूळ-पाणी पुढे करायची, ते हातानेच नको म्हणायचे. मी पंचविशीतला, मला कसंबसं जमत होतं. आणि मला जमतंय हे आण्णांना ऐकू येत होतं. बाप चुकतो तिथे आपण बरोबर वाजवायचं, याच्याइतकं वाईट काम नाही. मुद्दाम चुकावं तर त्यांच्या कानातून सुटायचं नाही.

नवव्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर सात वेळा सुरुवात केली. सातही वेळा तिसऱ्या आवर्तनात दम तुटला. त्यांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं आणि नारळ मागवला. वाद्यांपुढे तो स्वतःच्या हाताने फोडला.

"दम संपला रं माजा," कोट माझ्या खांद्यावर टाकत ते म्हणाले. "त्या पोरानं वाजवलंय म्हंजे माणसाला येतंय. मला येत न्हाय, येवढंच."

वरात दणक्यात झाली. लोक गच्चीवरून वाकून बघत होते. मी पुढे, आण्णा मागच्या रांगेत. घोड्यावरचा नवरदेव आ वासून माझ्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी मी रेकॉर्ड परत द्यायला गेलो. "काय स्पीड होता तुमचा!" तो म्हणाला. "ओरिजिनल किती निवांत आहे!" मला थट्टाच वाटली. त्याने आपल्या प्लेअरवर ती लावली, खटका तेहतीसवर ठेवून; मोठ्या तबकड्या त्याच वेगाने फिरवायच्या असतात. सूर खाली उतरले आणि सावकाश चालायला लागले. मधे श्वासाला जागाच जागा. ते आण्णा झोपेत वाजवू शकले असते.

त्याने ती बाजू शेवटपर्यंत ऐकवली. शेवटी एक माणूस बोलतो, एकेका वाद्याचं नाव घेतो. आम्ही एकदा जरी तिथवर गेलो असतो तरी त्याचा पिपाणीसारखा आवाज ऐकून शेंबड्या पोरालाही वेग चुकलाय हे कळलं असतं. पण आमच्या चार मिनिटांत माणसाचा गळाच नव्हता.

सांगायचं ठरवूनच मी घरी आलो. दारात दोन पार्ट्या बसल्या होत्या, तेच विलायती हवं म्हणून. कोट परत चढत नाही, मग सांगून काय उपयोग, अशी मी मनाची समजूत घातली. खरं सांगायचं तर कोट मला आवडला होता. याची लाज मला आजही वाटते.

पुढे जिल्ह्यातल्या बँडवाल्यांनी आमचं ऐकून ऐकून ती धून उचलली. मैंदर्गीकडच्या एखाद्या वरातीत ती अजून कानावर येते, आमच्याच वेगात. ती मुळात कुणाची, हे वाजवणाऱ्यांना ठाऊक नसतं.

आण्णा त्यानंतर बारा वर्षं होते, मागच्या रांगेत. आपल्याला एका विलायती पोराने मागे सारलं, हे ते भेटेल त्याला कौतुकाने सांगायचे. शेवटच्या दुखण्यात एका दुपारी मी त्यांचे पाय चेपत होतो. छाती घरघरत होती, तरी त्यांनी विचारलं, "त्या पोराचा दम कसला असंल रं?"

"लई असंल, आण्णा," मी म्हणालो, आणि पाय चेपत राहिलो.