शपथेवरचा जन्म

समोरचा माणूस बोलायला लागला की काका आधी पेनाला टोपण लावायचे. लिहायला बसलेल्या माणसाने पेनच बंद केलेलं पाहून समोरचा गोंधळायचा. मग काका शांतपणे विचारायचे, "तुम्ही स्वतः तिथे होतात का?" उत्तर ‘हो’ आलं तरच टोपण निघायचं.

काका माझ्या शेजारच्या मित्राचे वडील. वर्ध्याच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले, दर उन्हाळ्यात अमेरिकेत हर्नडनला मुलाकडे येणारे. असे काका तुम्हीही पाहिले असतील. जूनमध्येसुद्धा स्वेटर घालून पार्किंग लॉटभोवती फेऱ्या मारतात आणि प्रत्येक गाडीची नंबर प्लेट वाचतात. आम्हालाही ते तेवढेच माहीत होते. मग आमचे ग्रीन कार्डाचे अर्ज सुरू झाले.

त्या अर्जाला जन्मदाखला लागतो. आमच्यात अनेकांकडे तो नव्हताच, आणि ज्यांच्याकडे होता त्यांच्या दाखल्यावर नावाच्या जागी नुसतं ‘मुलगा’ लिहिलेलं. अशा वेळी, जन्माची स्वतः माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्या माणसांचं ॲफिडेव्हिट चालतं. ती लिहून द्यायचं काम काकांकडे आलं.

या शब्दाला मराठीत प्रतिज्ञापत्र म्हणतात, पण बोलताना तसं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. आपण ॲफिडेव्हिट ‘काढतो’. काकांना हे ‘काढणं’ फार खटकायचं.

"फोटो आहे का तो, काढायला? अरे, लॅटिनमध्ये ते अख्खं वाक्य आहे. ‘त्याने शपथ घेतली आहे.’ कोणी घेतली, काय पाहून घेतली? आमच्या कोर्टाबाहेर झाडाखालचा टायपिस्टच घ्यायचा, सगळ्यांच्या वतीने!"

माझं ॲफिडेव्हिट करताना त्यांनी वर्ध्याला माझ्या मावशीला फोन लावला. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. दोन फोनकार्डं संपली. सुईण कोण होती, आई कुठल्या खोलीत होती, बाळ लगेच रडलं का? मावशी वैतागली. "इतकं तर लग्न जुळवतानासुद्धा कोणी विचारत नाही हो!" आणि मग ती सांगत गेली. मी पहाटे जन्मलो, तिच्याच माजघरात. लगेच रडलो नाही. तिने मला पालथं धरून पाठीवर थापट्या मारल्या. माझी आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे यातलं मला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. अडतिसाव्या वर्षी मला माझा जन्म कळला तो एका सरकारी अर्जाच्या जोडपत्रातून.

पुढच्या वर्षी काकांच्या सुनेची वेळ आली. तीही वर्ध्याची, आईवडील हयात नाहीत. मामांचं ॲफिडेव्हिट जोडलं होतं, पण दुसरंही हवं असं इमिग्रेशनचं पत्र आलं. मुदतीचे तीन आठवडे उरले होते. ते दिलं नाही तर अर्ज फेटाळला जाणार आणि तिचं वर्क परमिट आणि नोकरीही जाणार. मित्राने जेवताना तयार मजकूर काकांपुढे ठेवला. मी तिथेच होतो.

"बाबा, फक्त सही हवीय."

"हिला मी पहिल्यांदा पाहिलं ते कांदेपोह्यांच्या दिवशी. पोह्यांचं ॲफिडेव्हिट हवं असेल तर आत्ता देतो."

सून हसली. मित्र हसला नाही. "कोण चेक करतंय, बाबा? सगळे हेच करतात."

"मला दोन आठवडे दे. त्या घरात त्या दिवशी कोणीतरी असेलच ना?"

"तुम्हाला कळत नाहीये. इट्स हर जॉब!"

दुसऱ्या दिवसापासून काका सकाळी सहा वाजता फोनकार्ड घेऊन बसू लागले. चार दिवसांनी मित्र माझ्याकडे आला. "तू वर्ध्याचाच. तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. दहा वर्षांच्या मुलाला शेजारचं बाळ आठवतंच की."

आमची घरं गावाच्या दोन टोकांना होती. मला नाही म्हणता आलं असतं. पण खरं सांगायचं तर तेव्हा मलाही काकांचा हट्ट जरा नाटकी वाटत होता. बँकेतल्या नोटरी बाईंनी शपथेसाठी उजवा हात वर करायला सांगितला. मी केला.

आठवड्याभराने काकांनी माझं दार वाजवलं. हातात दोन पानं.

"सापडल्या! अमरावतीला आहेत, नातवाकडे. शेजारीण होत्या, पाणी त्यांनीच तापवलं. ऐंशीच्या पुढे वय, पण सगळं लख्ख आठवतंय बाईंना. तू जरा इंग्रजी तपास, मग सहीला पाठवतो."

मुलाने त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. मला सांगावं लागलं. पाकीट चार दिवसांपूर्वीच गेलं होतं.

त्यांनी माझ्या हातातल्या पानांकडे पाहिलं. मग म्हणाले, "वेळ काय टाकलीस?"

"सकाळची."

"दुपार होती. ऊन आत येत होतं म्हणून बाईंनी खिडकीला लुगडं लावलं होतं."

पानं परत घेऊन त्यांनी त्यांची घडी घातली. "तुम्हाला उगाच त्रास झाला," म्हणाले. चार उन्हाळे ते मला अरे-तुरे करत आले होते.

त्या वर्षी ते महिनाभर आधीच परत गेले. फेब्रुवारीत वर्ध्याला वारले. मित्राला तिकीट मिळून तो पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मधल्या महिन्यांत मी त्यांना एकदाही फोन केला नाही. नंबर पाठ होता.

मे महिन्यात सुनेचं कार्ड आलं. मित्र म्हणाला होता तसंच झालं, ॲफिडेव्हिटबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही. त्यांच्या घरी पंधरा-वीस माणसं जेवायला होती. ती स्वतः वाढत माझ्यापाशी आली आणि ताटात श्रीखंड घालत म्हणाली, "दादा, तुमच्यामुळे झालं हो."

ती दोन पानं काकांनी तिला दिली होती का, हे विचारायला मी तोंड उघडलं. ती चमचा घेऊन थांबली होती.

"बास," मी म्हणालो, "आता नको."