खोकं तेच, चिप वेगळी

रत्नाच्या नवऱ्याचा, दिलीपभाऊंचा फोन आला तेव्हा मी सुरतेत उधन्याच्या बाजारात भाजी घेत होते. "ताई, रत्ना गेली..." एवढंच ते बोलू शकले. सकाळी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आदल्याच संध्याकाळी ती माझ्याकडे येऊन गेली होती. आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलीचंच तिचं चाललं होतं, "ज्योती आजही कामावर गेली व माय..." महिना उलटला, पण रत्ना आठवली की तिचा तो कावराबावरा चेहराच समोर येतो.

आम्ही दोघी धुळ्याकडच्या, लग्न होऊन सुरतेला आलेल्या, गोडादऱ्यात एकाच गल्लीत राहिलेल्या. ती कतारगामच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर साड्यांच्या भरतकामाची डिझाइनं करायची. गल्लीतल्या मुलींना घरी अभ्यासाला कोपरा नव्हता. एकाच खोलीत स्वयंपाक, टीव्ही आणि रात्रपाळी करून आलेला, दिवसा झोपलेला बाप. म्हणून तिने समाजाच्या हॉलमधली मागची खोली मागून घेतली. एका कापड व्यापाऱ्याने ऑफिसातले जुने लॅपटॉप देऊन टाकले. त्यांच्यावर विंडोज नुसतं रांगत होतं, म्हणून तिने त्याजागी लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाकली. "फुकट आहे, आणि कुणाला विचारायला जायला नको," ती खुशीत म्हणाली. मशिनं पळायला लागली, पण आतली वाय-फायची कार्डं काही केल्या नेट पकडेनात.

मग यूएसबीला लावायचे वाय-फाय अडॅप्टर शोधत आम्ही दुकानं पालथी घातली. दुकानदार म्हणायचा, "बेन, बधामां चाले," सगळ्यांत चालतं म्हणे. ही पिशवीतून लॅपटॉप काढून काउंटरवर ठेवायची, "मग चालवून दाखवा." खोक्यावरच्या नावावर जायचं नाही, आतली चिप कोणती ते बघायचं, असं ती मला समजावायची. त्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम, लिनक्समध्ये आधीपासून असेल तर अडॅप्टर लावला की चालतो. बाहेरून आणून बसवला तर सिस्टिम अपडेट झाली की पुन्हा बंद पडायची धास्ती. शेवटी एका दुकानात एक चालला. नेट आलं तशी तिने सगळ्यांदेखत माझा हात घट्ट धरला.

हॉलच्या समितीने तेच मॉडेल सगळ्या लॅपटॉपसाठी मागवलं. नाव तेच, खोकं तेच... आणि एकही चालेना. कंपनीने मधल्या काळात आतली चिप बदलली होती, मॉडेलचं नाव मात्र तेच ठेवलं होतं. नेमके गेल्या वर्षीच्या नर्सिंग प्रवेशाचे दिवस. कॉलेजांचे पर्याय ऑनलाइन भरायचे होते आणि मुली हॉलवर विसंबून होत्या. रत्नाने आपला फोन केबलने एकेका लॅपटॉपला जोडून नेट द्यायला सुरुवात केली. शेवटच्या दिवशी घाबरलेल्या मुलींना तिने आधी बसवलं. ज्योती समंजस, म्हणून तिला शेवटी. ज्योतीची पाळी आली तेव्हा साइट अडकली, आणि उघडली तेव्हा मुदत संपली होती.

समितीचे सुकदेवअण्णा रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "रत्नाताई, मॉडेल तुम्हीच सांगितलं होतं ना?" ती "हो" म्हणाली. पुढे तिने ते अडॅप्टर परत केले, चिपची खात्री करून दुसरे आणले, खोलीत नेट सुरू झालं. पण ज्योती तोवर साडीच्या दुकानात घड्या घालायच्या कामाला लागली होती. रत्ना सारखी तिच्या घरी जायची. मी एकदा चिडून आमच्या अहिराणीत म्हटलं, "चिप कंपनीनी बदली, तू कसाले जीवले लाई लेस?" ती म्हणाली, "नाव ते मीच सांगेल व्हतं ना..."

रत्नाचं दिवसपाणी, दहावं-तेरावं झाल्यावर ज्योती माझ्याकडे आली. म्हणाली, "रत्नामावशी यायच्या, माफी मागायच्या, रडायच्या. मीच त्यांना पाणी द्यायची. माफी कुणाला हवी होती? एकदा तरी म्हणायला हवं होतं, चल, या वर्षी परत भरू." प्रवेशाचं नाव काढलं तर पोरीला लागेल, या भीतीने रत्ना जे बोलली नाही, त्याचीच ही पोर वाट बघत बसली होती. आणि हे रत्नाला सांगायला आता कुणी कुठे जायचं?

आता ज्योती काम सुटल्यावर हॉलवर येते. प्रवेशाची साइट उघडते, वाचते, बंद करते. भरणार का, हे मी विचारलेलं नाही. नेट गेलं तर चटकन उठता यावं म्हणून रत्ना दाराजवळच्या खुर्चीवर बसायची. तिथे अजून कुणी बसत नाही. परवा नेट गेलं तेव्हा सगळ्या मुलींच्या माना आपोआप त्या खुर्चीकडे वळल्या. मग ज्योती उठली.