सुमनच्या दहा ओळी

सुमन गेल्याचा फोन मीच उचलला. तिच्या अंगणवाडीतली मदतनीस रडत सांगत होती, बाई पोरांना खिचडी वाढता वाढता खाली बसल्या आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं… सुमन माझी धाकटी जाऊ. सेलूच्या एकाच घरात आम्ही दोघींनी एकवीस वर्षं काढली. सांगायला लाज वाटते, पण फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो तिच्या वह्यांचा. त्या आता कुणाच्या हाती लागतील?

त्या वह्यांवर माझा डोळा होताच. सुमन पहाटे उठून डबे भरायची, सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवायची आणि एसटीनं अंगणवाडीच्या गावाला जायची. दुपारी परत आली की चहाच्या आधी गच्चीच्या जिन्यात बसून जुन्या रजिस्टरात लिहायची. पाहुणे असोत, सण असो, अंगात ताप असो. विचारलं तर म्हणायची, अंगणवाडीचं काम आहे. मीही मानलं. पुढं अंगणवाडीची सगळी माहिती ती मोबाईलवर भरायला लागली, तरी हिचं लिहिणं काही थांबेना. तेव्हा मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली. घरात वाटणीची कुजबुज सुरू होती. मला वाटलं, कोण काय बोललं याची ही नोंद ठेवते, उद्या माहेरी तिच्या भावाला दाखवायला. मग मी तिच्यासमोर तोलून-मापून बोलू लागले. 'अक्का, भाजीत मीठ बघा' एवढं ती म्हणाली तरी त्यात मला काहीतरी दिसायचं.

शेवटी मीच सासूबाईंच्या कानावर घातलं. त्यांनी तिला सगळ्यांपुढं विचारलं. मी मेथी निवडत होते, मान वर केली नाही.

"घरातलं एक काम चुकलं असंल तर सांगा," सुमन म्हणाली. "लिहिणं मात्र मी सोडणार न्हाई."

मग तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. तिला कळलं होतं की नव्हतं, मला आजही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवसापासून जिना रिकामा. पुढं कुणीतरी सांगितलं, ती स्टँडवरच्या बाकावर लिहिते आणि त्यासाठी एक गाडी सोडते. काही महिन्यांनी ती पुन्हा जिन्यात दिसू लागली. तेव्हा कुणी काही बोललं नाही.

तेरवी झाली, पाहुणे पांगले, तसं मी दार लावून तिची ट्रंक उघडली. नऊ रजिस्टरं निघाली. मी आधी माझं नाव शोधलं… ते कुठंच नव्हतं. रोजच्या दहा ओळी, त्या तिच्या अंगणवाडीतल्या एकेका लेकरावरच्या. एक मुलगी उकडलेलं अंडं खाण्याआधी कानाशी हलवून बघायची. येलदरीला मामाकडं जाऊन आलेली दुसरी धरणाचं पाणी दाखवायला गेली तर तिला दोन्ही हात पुरेनात. मी सुटले असं वाटलं, आणि लगेच वाटलं, हिनं मला मुद्दाम गाळलं असेल. मग सासूबाईंनी तिला विचारलं त्या दिवसाचं पान सापडलं. 'आज घरी बोलणं झालं. तरी दहा ओळी होऊ द्याव्यात.' खाली एका मुकाट पोरीनं पहिल्यांदा स्वतःचं नाव सांगितल्याची हकीकत होती.

सुमनची मुलगी रेणू परभणीला शिकते. ती रजिस्टरं न्यायला आली. तिनं ती माझ्यासमोर मोजली, पानं चाळली.

"मोठी आई, एखादं पान काढलं तर न्हाई ना?"

मी नाही म्हणाले. तिचा विश्वास बसला नाही, हे दिसत होतं. मग मी तिला सगळं सांगून टाकलं, सासूबाईंच्या कानावर कुणी घातलं तेही. ती पिशवी उचलून निघून गेली.

आता दुपारच्या चहाआधी मी वही घेऊन जिन्यात बसते. पहिल्या दिवशी तीन ओळी झाल्या आणि कुकरची शिट्टी झाली. नंतर कधी दळण आठवायचं, कधी दारात कुणी यायचं. सलग दहा ओळी जमायला मला तीन आठवडे लागले. सुमननं हे एवढ्या धबडग्यात कसं केलं असेल…

गेल्या रविवारी रेणू आली आणि जिन्याशी थांबली. "काय लिहायलीस?" तिनं विचारलं. आवाजात अजून धार होती. मी सरकून तिला जागा केली आणि वही तिच्या मांडीवर ठेवली.