पेढे की बर्फी

आमच्या प्रयोगशाळेत उंदरांची देखभाल करणारे एक मामा होते. त्यांचा आवाज असा, की कोल्हापुरातून बोलले तर गारगोटीला फोनशिवायच ऐकू जावं. पण गाभण उंदरांच्या खोलीत शिरताना ते चपला बाहेर काढत आणि कुजबुजत. एकदा विभागप्रमुख पाहुण्यांना घेऊन बूट वाजवत आले. मामांनी दारातच हात आडवा केला. "सायेब, आत पोटुशा बाया हायत. बूट भाईर काढा." साहेबांनी निमूटपणे काढले.

त्या माद्यांचे गर्भ दर वेळी पोटातच जिरून जायचे. मूळपेशी टोचल्यावर ते टिकतात का, हे आम्ही बघत होतो. इंजेक्शन झालं की मामा प्रत्येकीला बजावत, "आता उड्या मारायच्या न्हाईत." त्या मारायच्याच.

अखेर एक मादी व्याली. दुसऱ्या दिवशी मामा दोन पुडे घेऊन हजर, एक पेढ्यांचा आणि एक बर्फीचा. "पोरगं का पोरगी, अजून कळंना की. म्हणून दोनी आणलं."

सगळे हसले. मला दोनदा दिवस राहिले होते आणि टिकले नव्हते, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी बोलत नसे. मामांनी साहेबांना ओलांडून दोन्ही पुडे आधी माझ्यापुढे धरले.

"ताई, ही उंदरं हायत. माणसापतूर यायला लई वाट हाय, मला बी कळतंय. पर तोंड तर गोड करा."

मी पेढा उचलला. मग जरा थांबून बर्फीचाही तुकडा घेतला.