वळणावरचा गोल आरसा

माझी मुलगी बारा वर्षांची झाली तेव्हा तिच्याशी दहा मिनिटं मराठीत बोलणंसुद्धा अवघड होऊन बसलं होतं. ती अडखळायची, मग इंग्रजीवर यायची, आणि मग उठून खोलीत जायची. आम्ही तेव्हा आखातात, माबेलाला राहायचो. एका संध्याकाळी ती लॅपटॉपवर काय बघते म्हणून मी शेजारी जाऊन बसले.

"कार्टून आहे का?"

"कार्टून नाही आई. अ‍ॅनिमे."

तोक्योच्या जुन्या भागात लाँड्री चालवणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट होती. त्यानंतर रोज एक भाग आम्ही दोघी मिळून बघायला लागलो, आणि आम्हाला बोलायला विषय मिळाला.

त्या मालिकेतल्या जागा खरोखरच्या आहेत, हे मी शोधून काढलं. मी. तिने नाही. मग त्या जागांची एक वही केली. उताराची गल्ली, ट्रामचा थांबा आणि वळणावर गाड्यांसाठी लावलेला गोल आरसा. धाकटी बहीण शाळेत जाताना रोज त्यात बघून केस सारखे करायची. बौशरच्या एका दवाखान्यात मी रिसेप्शनवर होते. पेशंट नसले की कॉम्प्युटरवर नकाशा उघडून मी त्या गल्लीत एक चक्कर मारून यायचे.

पुढच्या वर्षी नवऱ्याचं दोन आठवड्यांचं ट्रेनिंग निघालं, तेही तोक्योला, आणि नेमकं शाळेच्या सुट्टीत. "तुम्ही दोघीही चला," तो म्हणाला. पण दवाखान्यातली दुसरी मुलगी आधीच लग्नासाठी केरळला गेलेली. मॅनेजर माझ्या रजेच्या अर्जाकडे बघून म्हणाला, "इन्शाल्ला, नेक्स्ट इयर." या इन्शाल्लाचा अर्थ 'नाही' असा असतो, हे एव्हाना मला कळत होतं.

"मग मी पण नाही जात," लेक म्हणाली.

"वेडी आहेस का? जा," मी म्हणाले, आणि वही स्वतःच्या हाताने तिच्या सॅकमध्ये घातली. आपण किती मोठ्या मनाच्या, असंही वाटून घेतलं.

व्हिडिओ कॉलवर इकडे बंदी होती, त्यामुळे फोटो यायचे. आमची सकाळ म्हणजे त्यांची दुपार. समोर पेशंटांची रांग, आणि काउंटरखाली माझा फोन थरथरतोय. उताराची गल्ली. ट्राम. चौथ्या दिवशी आरसा आला. त्यात लेक केस सारखे करत होती, आणि तिच्या मागे फोन धरून उभा असलेला नवरा. ज्याने मालिकेचा एक भागही पाहिला नव्हता, तो! त्या एवढ्याशा आरशात ते दोघं अगदी मावून बसले होते. मी फोन पर्समध्ये टाकला आणि समोरच्या बाईंवर उगाच खेकसले. उत्तर पाठवलं ते संध्याकाळी, नुसता एक अंगठा.

ते परत आले तेव्हा लेकीने मोठ्या हौसेने लॅपटॉप उघडला आणि मालिकेतलं चित्र आणि तिचा फोटो शेजारी शेजारी लावून दाखवला.

"अँगल चुकलाय," मी म्हणाले. "अजून दोन पावलं डावीकडे उभं राहायला हवं होतं."

तिने लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आपला भाग एकटीने, कानात हेडफोन घालून बघत होती. तिसऱ्या दिवशीही तेच. नवरा म्हणाला, "काय झालंय तुमचं दोघींचं?"

आठवडाभराने मी तिच्या पलंगावर जाऊन बसले आणि म्हणाले, "अँगल बरोबर होता. मी जळत होते तुझ्यावर."

"जळत म्हणजे? बर्निंग?"

"जेलस."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. आईसुद्धा जेलस होऊ शकते, हे तिला नवीन असावं. मग ती हळूच म्हणाली, "बाबाला काहीच माहीत नव्हतं, आई. सारखा विचारत होता, इथे बघायला काय आहे? ट्राममध्ये तर तो झोपलाच."

खरं सांगते, हे ऐकून मला फार बरं वाटलं.

"आता मला सगळं सांग," मी म्हणाले. "घरातून निघालात तिथपासून."

ती सांगत गेली, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. प्रत्येक वाक्याला आत काहीतरी टोचत होतं, तरी मी उठले नाही. ट्राममधल्या सीट कुठल्या रंगाच्या होत्या, हेसुद्धा मी विचारून घेतलं.

"हिरव्या," ती म्हणाली.