नाकोबाचं नाक आणि स्पिरिटचं पिंप

आईबापांनी नाकोबाचं खरं नाव काय ठेवलं होतं, ते आता त्याच्या बायकोलाही चटकन आठवत नाही. शर्यतीच्या गाडीतला, इंजिनाला किती इंधन द्यायचं ते ठरवणारा कंपनीचा कंट्रोल बॉक्स काढायचा, बाहेरचा बसवायचा आणि लॅपटॉप जोडून त्याला शहाणं करायचं, हा त्याचा धंदा. बाहेरचा बॉक्स म्हणजे कोरी पाटी. टाकीत काय आहे, हेसुद्धा त्याला सांगावं लागतं. तेवढ्याच हवेला स्पिरिट, म्हणजे अल्कोहोल, पेट्रोलच्या दीडपट लागतं. खोटं सांगितलंत की इंजिन एकतर उपाशी जळतं, नाहीतर बुडून मरतं. बाकीचे लोक इंधन नळीत घालून तपासतात. नाकोबा बोट बुडवायचा, नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा. "नळ्याबिळ्या तुम्हाला लखलाभ!" वर हा तोरा. आणि मेला कधी चुकायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी तापानं पडला, उठला, आणि नाक गेलं. म्हणजे होतं जागेवरच, चांगलं भरघोस, पण वास म्हणून येईना. हे सांगणार कुणाला? त्यानं मूग गिळले. बोट बुडवायचं, डोळे मिटायचे, सगळं नाटक तसंच चालू ठेवलं आणि अंदाजपंचे निकाल ठोकत राहिला. नवल म्हणजे इंजिनं नीट चालत होती. आपलं नशीबच जोरावर आहे, असं त्यानं ठरवून टाकलं.

त्या शनिवारी गाडी बायकोची होती. चढणीच्या शर्यतीत गाडी चालवायची तिनं आणि इंजिन बघायचं यानं, अशी त्यांच्या संसाराची वाटणी. उद्याची शर्यत हुकली तर संघातली तिची जागा जाणार होती. ती क्लबात नावनोंदणीला गेलेली, आणि मेहुणा पिंप घेऊन आला. आत काय आहे, हे त्या शहाण्यानं विचारलंच नव्हतं.

नाकोबानं बोट बुडवलं. "पेट्रोल," म्हणाला, आणि बॉक्सलाही तसंच सांगितलं.

इंजिन खोकायला लागलं. सेन्सर 'इंधन कमी, इंधन कमी' म्हणून बोंबलू लागला. नाकोबा काय ते समजला.

"भाऊजी, स्पिरिट तर नाही ना?" मेहुण्यानं विचारलं.

"आता तू मला शिकव!"

झालं. शब्द मागे घेईल तर तो नाकोबा कसला! लॅपटॉपमधल्या इंधनाच्या पानावर पेट्रोल तसंच ठेवून, किती इंधन सोडायचं ते सांगणाऱ्या मुख्य तक्त्यातले सगळे आकडे त्यानं दीडपट चढवले. इंजिन गुमान चालायला लागलं आणि हा घरी जाऊन ढाराढूर झोपला.

रविवारी सुरुवातीच्या रेषेजवळ गाडीनं काळा धूर ओकला आणि मान टाकली. प्लग बघावेत तर ओलेचिंब. मेहुणा इंधनाचा पंप उघडायला निघाला. झेंडेवाला घड्याळ दाखवत होता. नाकोबानं लॅपटॉप उघडला, तर इंधनाच्या पानावर स्पिरिट!

"हे कुणी बदललं?"

"मी, सकाळी," हेल्मेटमधून बायको म्हणाली. "पिंप मीच मागवलं होतं, स्पिरिटचं."

म्हणजे दीडपटीवर पुन्हा दीडपट. बॉक्स बिचारा दोघांचंही ऐकत होता. भोवती मेकॅनिकांचा घोळका, आणि सगळे याच्याच तोंडाकडे बघतायत. पंपावर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण मग शर्यतीतली तिची वेळ गेली असती.

"पंपाला हात लावू नकोस," तो मेहुण्याला म्हणाला. "काल तक्त्यातले आकडे मीच चढवलेत. मला वास येत नाही. दोन वर्षं झाली."

"माहितीये," बायको म्हणाली.

"काय माहितीये?"

"तू तापातून उठलास तेव्हा मी दूध करपवलं होतं. घरभर धूर. आणि तू आत येऊन म्हणालास, काय छान वास सुटलाय!"

नाकोबाची बोटं आकडे खाली आणत होती, पण कान तिकडेच होते. "म्हणजे इतके दिवस…"

"गिऱ्हाइकाला विचारून मीच ते पान दुरुस्त करत होते. तू चहाला उठलास की."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते, गाढवा. आटप आता."

प्लग बदलले. गाडी दुसऱ्या झटक्याला सुरू झाली. तिनं हेल्मेटची काच खाली ओढली, झेंडा पडला आणि ती पहिल्या वळणाआड गेली.

मेहुण्यानं नाकाला रुमाल लावला. "काय उग्र वास आहे हो, भाऊजी!"

"असेल," वळणाकडे बघत नाकोबा म्हणाला. "मला नाही येत."