काचेबाहेरची याडी

गाईडबाईनं माझ्या याडीचा हात धरून वर केला. विचारलं न्हाई, सांगितलं न्हाई. "हे बघा मुलांनो! काचेतल्या पुतळ्याच्या हातात आहेत ना, तशाच बांगड्या. एकदम ओरिजिनल!"

याडी म्हणजे आई. आमी बंजारा. माझ्या पोरीला शहरातलं मोठं संग्रहालय दाखवावं म्हणून आमी तिघी हिंगोलीहून गेलो होतो. खालच्या मजल्यावर पेंढा भरलेला वाघ, हरणं, अजगराचा सांगाडा. वर गेलो तर माणसं. काचेत आरशांच्या घागऱ्यातली बाई उभी. पायाशी पाटी: भटकी जमात.

सुटीचा दिवस. लोक लेकराबाळांसकट आलेले. सगळे याडीभोवती जमले. एकानं मोबाइल काढला. "आजी, जरा काचेला चिकटून उभ्या राहा. मॅचिंग येईल." लोक हसले. याडीही हसली. तिला वाटलं, कौतुक करून राहिले.

अन् मी? मी मागं सरले. दोन पावलं, मग चार. पलीकडं दगडी हत्यारं मांडली होती, तिथं जाऊन उभी राहिले. अंगावर इस्त्रीची साडी. दवाखान्यात नर्स मी. शेजारच्या बाईनं विचारलं, "त्या तुमच्यासोबत आहेत का?"

"नाही."

न्हाई नव्हे. नाही. शहरातलं, शुद्ध.

माझी पोरगी बाजूलाच होती. नऊ वर्षांचं लेकरू. "मम्मी, तू खोटं काहून बोलली?"

कानफाडात बसल्यासारखं झालं. गर्दी सारत गेले. गाईडबाईच्या मुठीतून याडीचं मनगट सोडवलं.

"ही माझी आई हाय. हात लावू नका. अन् दादा, तो फोटो मोबाइलमधून पुसून टाका. माझ्यासमोर."

"अहो, आम्ही कौतुकच करतोय," गाईडबाई म्हणाली.

"तिचं नाव तरी विचारलं का?"

 मोबाइलवाल्यानं फोटो पुसून टाकला.

परतताना एसटीत याडी खिडकीशी बसली. मग आमच्या बोलीत हळूच म्हणाली, "तू दूर गेलीस, तवा मी पाहिलं होतं."

एवढंच. मला मान वर करता येईना.

त्या लोकांनी तिला वस्तू केलं, व्हय. पण तिला नाकारलं ते मी. तिच्या पोटच्या पोरीनं. त्याला माफी न्हाई, अन् मी मागत बी न्हाई.

आता दवाखान्यात कुणी विचारलं, "कुठल्या तुमी?" तर नुसतं तालुक्याचं नाव, सेनगाव, सांगून मोकळी होत न्हाई. तांड्याचं नाव सांगते. याडीचं नाव सांगते. ऐकणाऱ्याचं तोंड वाकडं होतं. होऊ द्या. तोंड त्याचं हाय. नजर माझी हाय, ती आता खाली जाणार न्हाई.